खरखरीतपणाची किंमत

डेंटल इम्प्लांटच्या खोक्यावर बरंच काही छापलेलं असतं. व्यास ४.१ मिलिमीटर, लांबी १० मिलिमीटर, धातू कोणता, निर्जंतुक कशानं केलं, मुदत कधी संपते, लॉट नंबर काय. आतल्या बंद नळीत करंगळीच्या नखाएवढा एक करडा स्क्रू उभा असतो. हार्डवेअरच्या दुकानातल्या स्टीलच्या स्क्रूसारखा तो चमकत नाही, कारण त्याची चमक कारखान्यात मुद्दाम घालवलेली असते. या मंद, खरखरीत अंगाला बहुतेक मोठ्या कंपन्यांनी स्वतःचं खास नाव दिलेलं आहे. माहितीपत्रकात त्याचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालचा फोटोही असतो: खड्डे, त्या खड्ड्यांत आणखी बारीक खड्डे, उन्हाळ्यातल्या कातळसड्यासारखे. हा फोटो नळी उघडण्यापूर्वीचा. हाडात पिळून बसवल्यानंतर ते अंग कसं दिसतं आणि त्यातला किती धातू वाटेत सांडला, हा आकडा मात्र खोक्यावर नसतो. तो असायला हवा, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे. सुटलेल्या कणांमुळे जबड्याचं हाड झिजतं हे सिद्ध झालेलं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पण आकडा मागण्यासाठी तेवढं सिद्ध होईपर्यंत थांबायचं कारण नाही.

‘टायटॅनियम गंजत नाही’ हे या धंद्यातलं ठरलेलं वाक्य. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. टायटॅनियमची ऑक्सिजनशी इतकी झटकन गाठ पडते की उघडं टायटॅनियम सहसा पाहायलाच मिळत नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही ते इल्मेनाइटच्या रूपात, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजनच्या संगतीतच सापडतं. फरक आहे तो गंजाच्या स्वभावात. लोखंडाच्या गंजाचे पोपडे सुटतात, खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं आणि पत्रा आरपार खाल्ला जातो. टायटॅनियमच्या ऑक्साइडचा थर घट्ट बसतो आणि खालच्या धातूला झाकून टाकतो. या थराची जाडी साधारण २ ते १० नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सात हजाराव्या हिश्शाइतकी किंवा त्याहून कमी. हाडाच्या पेशींची गाठ धातूशी कधी पडतच नाही, पडते ती या थराशी. त्यावर ओरखडा पडला तर क्षणार्धात नवा थर तयार होतो, आणि टायटॅनियमच्या टिकाऊपणाचं सारं कौतुक या एका गुणावर उभं आहे. कौतुक रास्तच आहे. मात्र ओरखडा पडताना जुन्या थराचा आणि धातूचा जो चुरा निघाला, तो कुठेतरी गेलेला असतो. जखम भरून येणं वेगळं आणि काहीच न सांडणं वेगळं. इम्प्लांटच्या जाहिरातीत या दोन गोष्टींची नेहमी गल्लत केलेली असते.

सुरुवातीला हा प्रश्न फारसा नव्हता, कारण सुरुवातीचे इम्प्लांट गुळगुळीत होते. १९५२ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी कुपी बसवून, मज्जेतलं रक्ताभिसरण जिवंतपणी मायक्रोस्कोपखाली पाहत होते. प्रयोग संपल्यावर महागडी कुपी परत काढून घ्यायची होती, पण ती निघेना. हाड तिला चिकटलं होतं. या अडचणीतून पुढचं सगळं उभं राहिलं. १९६५ मध्ये गोथेनबर्गला योस्ता लार्सन या जन्मतः जबड्यात व्यंग असलेल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले तेव्हाही ते स्क्रू जागच्या जागी काम करत होते. १९८२ च्या टोरंटो परिषदेनंतर अमेरिका खंडातल्या दंतवैद्यांनीही हे तंत्र उचललं. ब्रोनेमार्कांचा स्क्रू लेथवर कातलेला होता, त्यावर कातणाऱ्या हत्याराच्या बारीक रेघांखेरीज काही नसायचं. त्याला हवा होता फक्त वेळ. खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने, वरच्यात सहा, तोवर त्यावर भार टाकायचा नाही. रुग्णाला तेवढे महिने कवळीवर काढावे लागत.

हा वेळ कमी करायची धडपड म्हणजेच खरखरीत पृष्ठभागाचा इतिहास. घाई हे मात्र एकमेव कारण नव्हतं आणि खरखरीत पृष्ठभागाचं श्रेय नाकारणं अन्यायाचं ठरेल. गुळगुळीत स्क्रू घट्ट हाडात उत्तम टिकत, पण वरच्या जबड्याच्या मागच्या भागातल्या भुसभुशीत हाडात त्यांची दैना होई. जॅफिन आणि बर्मन यांनी १९९१ मध्ये १०५४ इम्प्लांटचा हिशेब मांडला. चांगल्या हाडातले फक्त ३ टक्के गेले होते, सर्वांत मऊ हाडातले ३५ टक्के. अशा रुग्णांना ‘थोडं थांबा’ सांगून उपयोग नव्हता. खडबडीत अंगावर रक्ताची गुठळी पकडून बसते, हाडाच्या पेशींना आधार मिळतो आणि स्क्रू उलटा फिरवून काढायला जास्त जोर लागतो, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं. म्हणून कंपन्यांनी नाना वाटा धरल्या. कुणी वितळलेल्या टायटॅनियमचे थेंब प्लाझ्माच्या ज्योतीतून फवारून पुट चढवलं, कुणी हाडातल्याच खनिजाचा, हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा लेप दिला. कुणी अ‍ॅल्युमिनाची वाळू मारून वर आम्लात बुडवलं, तर कुणी विजेच्या दाबाखाली ऑक्साइडचा थरच काही मायक्रॉनपर्यंत फुगवून ज्वालामुखीच्या तोंडासारख्या छिद्रांचा केला. यांतल्या शेवटच्या दोन पद्धतींचीच आज चलती आहे. खरखरीतपणाची सरासरी उंची १ ते २ मायक्रॉनच्या दरम्यान असावी, असं गोथेनबर्गच्याच आल्ब्रेक्टसन आणि वेनरबर्ग यांनी सुचवलं आणि बाजार बहुतांशी तिथे स्थिरावला. थांबायचा काळ काही महिन्यांवरून सहा-आठ आठवड्यांवर आला. हा नफा खरा आहे. प्रश्न एवढाच, की नफ्याच्या वहीत खर्चाचा रकाना कुणी आखला का?

खर्च होतो हे पहिल्यांदा कळलं ते प्लाझ्माच्या पुटामुळे. फवारलेले थेंब एकावर एक थिजलेले असतात, मूळ धातूशी एकजीव झालेले नसतात. मेंढ्यांच्या हाडांत असे स्क्रू बसवून पाहणाऱ्या इटालियन संशोधकांना २००४ मध्ये त्या स्क्रूंच्या आसपास, हाडात आणि मज्जेत, टायटॅनियमचे सुटे कण दिसले. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटच्या लेपाची बदनामीही काहीशी अशीच, कुठे तो विरघळला, कुठे त्याचे तुकडे सुटले. यावर उद्योगाचा निष्कर्ष असा निघाला की वरून काही चिकटवू नये, असलेल्याच धातूला कोरावं. चिकटवलेलं सुटतं, कोरलेलं सुटत नाही. तर्क सरळ होता आणि बऱ्याच अंशी बरोबरही होता, पण सगळा नाही. कोरून काढलेल्या प्रत्येक खड्ड्याच्या काठावर एक टोक उभं राहतं आणि टोकं मोडतात.

ती कुठे मोडतात हे समजायला बसवण्याची क्रिया जवळून पाहावी लागेल. हाडात आधी ड्रिलनं भोक पाडतात, ते स्क्रूपेक्षा मुद्दाम थोडं अरुंद. मग स्क्रू त्यात फिरवत उतरवला जातो, वरून गार सलाइनची धार चालू असते. पहिले काही वेढे सहज जातात. नंतर कवटीसारख्या कठीण बाहेरच्या हाडाचा काठ आट्यांना धरू लागतो आणि रॅचेटवरचा आकडा चढतो, १५, २५, ३५ न्यूटन सेंटिमीटर. हा ३५ चा आकडा दंतवैद्याला हवाहवासा असतो, कारण स्क्रू घट्ट बसल्याची ती खूण. पण त्याच घट्टपणाचा दुसरा अर्थ घर्षण. बाहेरचं कठीण हाड हे या घडीला काचकागदाचं काम करतं, आणि आट्यांची टोकं व मानेजवळचा भाग त्यावर सर्वांत जास्त घासला जातो. सेना आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात बाजारातले तीन नामांकित पृष्ठभाग गुरांच्या हाडात बसवले, पुन्हा काढले आणि आधीचे-नंतरचे मायक्रोस्कोपखाली मोजले. कण सुटले होते. आकारानं १० नॅनोमीटरपासून २० मायक्रॉनपर्यंत आणि मुख्यतः विजेनं फुगवलेल्या छिद्रमय थराचे. माहितीपत्रकातला फोटो आणि हाडातून बाहेर आलेला स्क्रू, दोघं एकाच घरचे वाटू नयेत इतका काही ठिकाणी फरक होता. या प्रयोगावर एक आक्षेप रास्त आहे: मेलेल्या हाडात रक्त नसतं, ओलावा वेगळा असतो आणि बसवलेला स्क्रू पुन्हा उलटा काढताना जादा घासला जातो. आक्षेप धरला तरी प्रमाण कमी-जास्त होईल, कण सुटतात ही गोष्ट पुसली जात नाही. शिवाय जिवंत तोंडात ते कमी सुटतात की जास्त, हे सांगणारं मोजमाप खोक्यावर नाहीच, म्हणजे आपण मूळ मुद्द्यावरच परत येतो.

बसवणं हा एकदाचा प्रसंग, बाकीचे रोजचे. इम्प्लांट म्हणजे एक तुकडा नसतो. हाडातला स्क्रू, त्यावर बसणारं अबटमेंट आणि त्यावर कॅप. स्क्रू आणि अबटमेंट यांच्या सांध्यात प्रत्येक घासाला डोळ्यांना न दिसणारी हालचाल होते, आणि दोन धातू ओल्या जागेत एकमेकांवर घासले की झीज आणि गंज एकमेकांना मदत करतात. सौंदर्यासाठी पुढच्या दातांना पांढरं झिरकोनियाचं अबटमेंट देतात. ते टायटॅनियमपेक्षा कितीतरी कठीण असल्यामुळे स्क्रूच्या आतला षटकोन त्यानं झिजवल्याची आणि त्या चुऱ्यानं हिरडीवर करडा डाग उमटल्याची उदाहरणं दंतशास्त्राच्या नियतकालिकांत आहेत. फ्लोराइडचं गणितही इथेच येतं. नुसतं फ्लोराइड टायटॅनियमचं फारसं काही बिघडवत नाही. पण आजूबाजूला आम्ल वाढलेलं असेल तर त्याचं हायड्रोफ्लोरिक आम्ल बनतं, आणि ज्या थराला दुसरं काही सहसा हात लावू शकत नाही त्याला ते विरघळवतं. साध्या टूथपेस्टनं घाबरून जाण्याचं यात कारण नाही. लाळ आम्ल मारते आणि पेस्ट दोन मिनिटांत थुंकली जाते. क्लिनिकमध्ये लावल्या जाणाऱ्या तीव्र आम्लधर्मी फ्लोराइड जेलबद्दल मात्र काळजी घ्यावी.

सर्वांत उपरोधिक भाग सफाईचा आहे. इम्प्लांटभोवती कीट साचली की ती खरवडायला नेहमीचा अल्ट्रासॉनिक स्केलर हाताशी असतो. त्याचं स्टीलचं टोक टायटॅनियमवर फिरलं की दगडी पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखी करडी रेघ उमटते, त्या रेघेत दोन्ही धातू मिसळलेले असतात. २०१७ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी असा खरवडून निघालेला टायटॅनियमचा चुरा पेशींना आणि उंदरांना देऊन पाहिला, तेव्हा दाह वाढला आणि हाड खाल्लं गेलं. हाड बरंच गेलं असेल तर काही ठिकाणी ‘इम्प्लांटोप्लास्टी’ करतात, म्हणजे उघडे पडलेले खरखरीत आटे बर या फिरत्या हत्यारानं घासून गुळगुळीत करतात, जंतूंना आसरा राहू नये म्हणून. जो खरखरीतपणा कारखान्यात खर्च करून आणला, तोच दहा वर्षांनी रुग्णाच्या तोंडात घासून काढायचा आणि त्या घासण्यात आयुष्यभराच्या झिजेपेक्षा जास्त धूळ एका बैठकीत उडण्याची शक्यता ओढवून घ्यायची. उपाय चुकीचाच आहे असं म्हणता येत नाही, कधी दुसरा मार्ग नसतो. पण असा चुरा गोळा करायला शोषनळी, ओलं कापड आणि भरपूर पाणी वापरणं ही काही चैनीची गोष्ट नाही.

सुटलेले कण करतात काय? इथे वैद्यकानं दातांआधी खुब्याच्या सांध्याकडून धडा घेतला आहे. ब्रिटिश शल्यचिकित्सक जॉन चार्न्ली यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी टेफ्लॉनचे कप वापरून खुबे बसवले. कप झिजले, चुरा साचला आणि सगळे पुन्हा काढावे लागले. पुढे चांगल्या पॉलिथिलीनच्या कपांतही वर्षानुवर्षांच्या झिजेतून बारीक कण निघतात, ते मॅक्रोफेज पेशी गिळतात, पचवू शकत नाहीत आणि दाहाची रसायनं सोडत राहतात. त्या हाकेला हाड खाणाऱ्या पेशी ओ देतात. साधारण १० मायक्रॉनहून लहान कण मॅक्रोफेजला गिळता येतात, आणि इम्प्लांटमधून सुटणाऱ्या कणांत या मापाचे पुष्कळ आहेत. प्रयोगशाळेत टायटॅनियमचे कण टाकले की या पेशी तशाच चवताळतात. मात्र इथेच थांबून निकाल द्यायचा मोह आवरायला हवा. खुब्याचा सांधा हा दोन पृष्ठभाग आयुष्यभर एकमेकांवर सरकवणारा यांत्रिक जोड, दाताचा स्क्रू हाडात रुतून बसलेला. धातूवर धातू फिरणाऱ्या एएसआर खुब्यांच्या गाजलेल्या दुर्घटनेत, जिच्याकडे पुढे येऊच, धातू कोबाल्ट-क्रोमियम होता. आणि प्रयोगशाळेतल्या बशीत टाकलेला डोस बरेचदा हिरडीत सापडतो त्यापेक्षा खूप मोठा असतो. खुब्यावरून दाताचा न्याय करणं म्हणजे बैलगाडीच्या चाकावरून दाराच्या बिजागरीची झीज ठरवणं. उपमेतून फक्त एवढं घ्यावं: कण निरुपद्रवी असतात असं गृहीत धरण्याचा हक्क वैद्यकानं केव्हाच गमावला आहे.

मग तोंडातला पुरावा काय सांगतो? इम्प्लांटभोवती हाड खाणाऱ्या दाहाला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात. स्वीडनच्या राष्ट्रीय पाहणीत, सुमारे नऊ वर्षांनी तपासलेल्या ५८८ रुग्णांपैकी १४.५ टक्के जणांत तो मध्यम ते गंभीर होता, २ मिलिमीटरहून जास्त हाड गेलेलं. २०१६ च्या एका छोट्या अभ्यासात अशा आजारी जागांमधून घेतलेल्या १२ रुग्णांच्या नमुन्यांपैकी ९ मध्ये टायटॅनियम सापडलं. २०१७ मध्ये सॅफिओटी आणि सहकाऱ्यांनी ३० रुग्णांच्या ४० इम्प्लांटभोवतालची कीट तपासली, २० निरोगी आणि २० आजारी. आजारी जागी विरघळलेलं टायटॅनियम स्पष्टपणे जास्त होतं. वाचणाऱ्याला वाटेल, सापडला चोर. पण घटनास्थळी सापडलेला प्रत्येक जण चोर नसतो. दाह झाला की तिथलं आम्ल वाढतं, पांढऱ्या पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात, आणि या दोन्हींनी ऑक्साइडचा थर कमकुवत होतो. म्हणजे टायटॅनियममुळे दाह झाला की दाहामुळे टायटॅनियम सुटलं, हे एकदाच काढलेल्या फोटोतून कळत नाही. त्यात आणखी गुंता असा की टायटॅनियम डायऑक्साइड पांढरेपणासाठी टूथपेस्टमध्ये असतं, सनस्क्रीनमध्ये असतं, गोळ्यांच्या वेष्टनात असतं. इम्प्लांट कधीच न बसवलेल्या माणसांच्या जबड्यातही ते मोजता येतं. म्हणून २०१८ मध्ये मोंबेली, हाशिम आणि चिओंका यांनी उपलब्ध अभ्यासांचा झाडा घेतला तेव्हा कार्यकारणभाव ठरवायला पुरावा अपुरा आहे असंच म्हटलं. त्यांचं म्हणणं आजही टिकणारं आहे.

जंतूंची बाजू तर आणखी भक्कम आहे. जंतूंना आसरा देणाऱ्या, इम्प्लांटच्या मानेभोवती अडकलेल्या सिमेंटचं उदाहरण घ्या. विल्सन यांनी २००९ मध्ये ३९ रुग्ण तपासले, आजारी इम्प्लांटपैकी ८१ टक्क्यांत कॅप चिकटवताना सांडलेलं सिमेंट सापडलं, ते काढल्यावर ७४ टक्के बरे झाले. कण हा शब्द ऐकून नॅनोमीटरकडे धावणाऱ्यांनी आधी चमचाभर सिमेंटकडे बघावं. तंबाखू, आटोक्यात नसलेला मधुमेह, घासण्याचा आळस, अगोदरचा पायोरिया, या सगळ्यांचा वाटा नीट नोंदलेला आहे, आणि मिश्री लावणाऱ्या तोंडात टायटॅनियमच्या नॅनोकणांची चिंता करणं म्हणजे घराला आग लागली असताना उंबऱ्यावरची धूळ झाडणं. हे सगळं मान्य केल्यावरही एक गोष्ट उरते. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत इम्प्लांटच्या मानेला दोरा बांधून मुद्दाम कीट साचवतात, दाह सुरू झाल्यावर दोरा काढून घेतात आणि पुढे काय होतं ते पाहतात. जंतू सारखेच, जबडा तोच, तरी छिद्रमय ऑक्साइडच्या पृष्ठभागाभोवती हाड गुळगुळीत पृष्ठभागापेक्षा जास्त गेलं, आणि हे एकापेक्षा अधिक अभ्यासांत दिसलं. यात कणांचा दोष किती आणि खाचांत दडलेल्या जंतूंचा किती, ते प्रयोगानं वेगळं केलेलं नाही. पृष्ठभाग कोणता आहे याला महत्त्व आहे, एवढं मात्र ठरतं.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप आकड्यांचा आहे. वाळू मारून आम्लात कोरलेल्या पृष्ठभागाच्या ५११ इम्प्लांटचा बर्न इथल्या बुझर यांच्या गटानं दहा वर्षांनी हिशेब दिला: ९८.८ टक्के तोंडात टिकलेले, पेरी-इम्प्लांटायटिस फक्त १.८ टक्के. मग गोंधळ कशाचा? उत्तर या आकड्याच्या आतच आहे. एकाच नावाखाली ‘खरखरीत’ म्हणून जे विकलं जातं त्यात इतका फरक असतो की एका पृष्ठभागाची अब्रू दुसऱ्याला वापरता येत नाही. हा निकाल एका निष्णात विद्यापीठ विभागातला, निवडलेल्या रुग्णांचा आणि एका कंपनीच्या पृष्ठभागाचा आहे. स्वीडनचा १४.५ टक्के हा देशभरातल्या सरसकट रुग्णांचा. दोन्ही खरे असू शकतात. शिवाय ‘तोंडात टिकला’ म्हणजे ‘निरोगी टिकला’ नव्हे, पडका वाडाही उभाच असतो काही वर्षं. मग पुन्हा गुळगुळीत स्क्रूकडे जावं का? कोक्रेनच्या आढाव्यात भार पडल्यावर तीन वर्षांनी गुळगुळीत इम्प्लांटना दाहाचा धोका २० टक्क्यांनी कमी दिसला होता, पण लवकर निकामी होण्याचा धोका त्यांनाच जास्त, आणि मऊ हाडात निकामी झालेले ते ३५ टक्के विसरता येत नाहीत. शहाणपणाची वाट जुनीच आहे: मान गुळगुळीत, पाय खरखरीत. हिरडीशी आणि कठीण हाडाच्या काठाशी जिथे घर्षण आणि जंतू दोन्ही असतात तिथे खड्डे कमी, खाली मऊ हाडात जास्त. झिरकोनियाचे अखंड पांढरे इम्प्लांट हा पर्याय सुचवणाऱ्यांना एवढंच सांगावं की ते गंजत नाहीत पण तुटू शकतात, आणि त्यांचा दीर्घकालीन हिशेब टायटॅनियमच्या तुलनेत अजून कोवळा आहे.

आता मोजण्याचा प्रश्न. इम्प्लांटसाठी आयएसओ १४८०१ नावाची जागतिक चाचणी आहे. स्क्रू ३० अंशांत तिरका धरायचा, ३ मिलिमीटर हाड झिजलंय असं समजून तेवढा उघडा ठेवायचा आणि हवेत ५० लाख वेळा दाबायचा. तुटतो का ते पाहायचं. दंतधातूंच्या गंजाच्या चाचणीत नमुना लॅक्टिक आम्ल आणि मिठाच्या पाण्यात, ३७ अंशांवर, सात दिवस नुसता पडून राहतो. दोन्ही चाचण्या उपयोगाच्या आहेत. पण पहिलीत स्क्रू हाडाला घासत नाही आणि दुसरीत तो कशालाच घासत नाही. ज्या एका क्षणी पृष्ठभागाची सर्वाधिक मोडतोड होते, तो बसवण्याचा क्षण दोन्हींतून निसटतो. ठरावीक घनतेच्या कृत्रिम हाडात ठरावीक टॉर्कनं स्क्रू बसवायचा, आजूबाजूचं पाणी गाळायचं, त्यात टायटॅनियम किती आहे ते मिलिग्रॅमच्या हजाराव्या हिश्शापर्यंत मोजायचं: यासाठी नवं विज्ञान लागत नाही, मोजण्याची यंत्रं कंपन्यांकडे आणि विद्यापीठांकडे आहेत. हा आकडा खोक्यावर आला तर दोन समान किमतीच्या पृष्ठभागांतून दंतवैद्य कमी सांडणारा निवडेल. कणांचा दोष उद्या सिद्ध झाला नाही तरी यात कुणाचं काही बिघडत नाही. सिद्ध झाला तर मात्र मधल्या वर्षांतले रुग्ण वाचलेले असतील.

आणि हे सिद्ध होणार कशानं? प्रयोगशाळेनं होईलच असं नाही. धातूवर धातू फिरणारे एएसआर खुबे २०१० च्या ऑगस्टमध्ये जगभरातून मागे घेतले गेले, पण ऑस्ट्रेलियात ते २००९ च्या अखेरीसच बाजारातून उतरले होते, कारण तिथे प्रत्येक बसवलेल्या आणि काढलेल्या खुब्याची नोंद होत होती आणि काढलेल्यांचा आकडा बोलू लागला होता. भारतातल्या रुग्णांच्या भरपाईसाठी पुढे केंद्र सरकारला समिती नेमावी लागली. दातांच्या इम्प्लांटची अशी नोंदवही फिनलंडनं १९९४ मध्ये सुरू केली. युरोपीय संघात २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत इम्प्लांटसोबत रुग्णाच्या हाती माहितीचं कार्ड द्यावं लागतं. दात भरण्याच्या साहित्याला आणि कॅपला त्यातून सूट आहे, इम्प्लांटला नाही. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ मध्ये झाले, जास्त जोखमीच्या गटांना परवाना ऑक्टोबर २०२३ पासून बंधनकारक झाला, आणि उपकरणांमुळे झालेल्या अपायाची खबर देण्यासाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला. कारखान्याच्या दारापर्यंत नियम पोचले आहेत. पण स्विस, कोरियन, इस्रायली आणि देशी, असे कितीतरी प्रकारचे स्क्रू लोकांच्या जबड्यात गेल्यावर त्यांचा माग काढणारी राष्ट्रीय वही नाही. निकामी झालेला स्क्रू बहुधा ट्रेमध्ये पडतो आणि तिथून कचऱ्यात जातो. खरं तर आपल्या पृष्ठभागावरचा पुरावा तो सोबत घेऊन आलेला असतो.

तोवर एक काम वाचकाला स्वतः करता येतं. इम्प्लांटच्या खोक्यात बहुधा सुटे काढता येणारे स्टिकर असतात: कंपनी, मॉडेल, माप, लॉट नंबर. एक दवाखान्याच्या केसपेपरवर लागतो. दुसरा मागून घ्या आणि घरच्या फाइलमध्ये, रक्ताच्या रिपोर्टांशेजारी चिकटवून ठेवा. तारीख आणि कोणत्या दाताच्या जागी ते पेनानं लिहा.